शनी (ग्रह)

सूर्यापासून सहावा ग्रह, वायूंचा बनलेला, आकाराने गुरूच्या खालोखाल. विषुववृत्तावर व्यास सुमारे 1,20,500 किमी, पण ध्रुवांमधून मोजला तर जवळपास 12,000 किमीने कमी. एवढा गोळा साडेदहा तासांत स्वतःभोवती फिरत असल्यामुळे तो चपटा झाला आहे. वस्तुमान पृथ्वीच्या 95 पट, घनता मात्र पाण्याहून कमी. सूर्याभोवती एका फेरीला साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणून शनैश्चर, म्हणजे सावकाश चालणारा. बारा राशींत वाटणी केली की राशीला अडीच वर्षे येतात. तीन राशींच्या साडेसातीचा हिशेब हाच.

कडी बर्फाच्या असंख्य तुकड्यांची आहेत. मुख्य कड्यांचा पसारा 2,73,000 किमी, जाडी मात्र बहुतेक ठिकाणी सहा-सात मजली इमारतीएवढीच. ग्रहाचा अक्ष 26.7 अंश कललेला असल्याने दर पंधरा वर्षांच्या आसपास कडी कडेने दिसतात. मार्च 2025 मध्ये तसे झाले. आता ती हळूहळू उघडत 2032 च्या सुमारास सर्वाधिक रुंद दिसतील.

शनी पाहायला मुंबईबाहेर जावेच लागते असे नाही. शहरातल्या दिव्यांनी तो लपत नाही; त्रास होतो हवेचा. पावसाळा सरल्यावरचा काळ उत्तम, आणि 4 ऑक्टोबर 2026 ची प्रतियुती (शनी आकाशात सूर्याच्या बरोबर समोर येण्याची वेळ) त्याच सुमारास येते. मध्यरात्री तो सत्तर अंशांहून वर असेल. कडी ओळखायला 60 मिमीची दुर्बीण आणि 25-30 पट वर्धन पुरते. कॅसिनी फटीसाठी (कड्यांमधल्या काळ्या फटीसाठी) चार-सहा इंची दुर्बीण हवी आणि कडीही पुरेशी उघडलेली हवीत. गच्चीचा स्लॅब दिवसभराची उष्णता रात्री दहापर्यंत सोडत राहतो, तोवर प्रतिमा उकळल्यासारखी थरथरते. एसीच्या खोलीतून दुर्बीण थेट गच्चीवर नेली की दमट हवेने भिंगावर बाष्प धरते. ते पुसू नये. तिला अर्धा तास बाहेर ठेवावे.

मार्च 2025 पर्यंत 274 उपग्रहांची नोंद झाली. टायटन (व्यास 5,150 किमी) बुधाहून मोठा. त्याच्यावर नायट्रोजनचे दाट वातावरण आणि मिथेनची सरोवरे आहेत. ह्युजेन्स यान 14 जानेवारी 2005 रोजी तिथे उतरले. जेमतेम 500 किमीच्या एन्सेलेडसच्या दक्षिण ध्रुवाकडून पाण्याच्या वाफेचे फवारे उडतात. टायटन छोट्या दुर्बिणीतही दिसतो, कड्यांच्या रुंदीच्या चौपट अंतरापर्यंत सरकलेला. आयापेटसची एक बाजू डांबरासारखी काळी, दुसरी बर्फाळ. 79 दिवसांच्या फेरीत तो शनीच्या पश्चिमेला असताना सहा इंची दुर्बिणीत सापडतो. पूर्वेला गेला की इतका मंदावतो की मुंबईच्या उजेडात हाती लागत नाही.