मळीपासून मक्यापर्यंत : इथेनॉलच्या सरकारी आधाराची पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्यात इथेनॉलचा, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या अल्कोहोलचा विषय निघाला, की बोलणे साखर कारखान्यापासून सुरू होते आणि हल्ली मक्याच्या भावावर येऊन थांबते. पिकांपासून इंधन करण्यासाठी सरकारने तिजोरीतून पैसा मोजावा की नाही, हा वाद आज जोरात असला, तरी मुळात हा आधार ज्या कारणासाठी दिला गेला आणि आज ज्यासाठी दिला जातो, ती दोन कारणे वेगळी आहेत.

कल्पना जुनी आहे. मळीपासून निघणारे अल्कोहोल पेट्रोलमध्ये मिसळता यावे, म्हणून १९४८ मध्येच देशात पॉवर अल्कोहोल कायदा झाला होता, पण स्वस्त खनिज तेलाच्या काळात त्याची कोणाला फारशी आठवण राहिली नाही. ब्राझीलने १९७५ मध्ये आपला अल्कोहोल कार्यक्रम सुरू केला, तेव्हा १९७३ च्या तेलसंकटाचा चटका ताजा होता आणि साखरेचे जागतिक भावही कोसळलेले होते. अमेरिकेने १९७८ पासून मक्याच्या इथेनॉलला करसवलत दिली आणि २००५ व २००७ च्या कायद्यांनी मिश्रणाची सक्ती केली. २००७ च्या सुरुवातीला मेक्सिकोत टॉर्टिया, म्हणजे रोजच्या जेवणातली मक्याची पोळी महागल्याने लोक रस्त्यावर उतरले, तेव्हापासून ‘अन्न की इंधन’ हा प्रश्न जगभर विचारला जाऊ लागला.

भारतात त्या वेळी हा प्रश्न जवळजवळ लागूच नव्हता. २००१ मध्ये इथेनॉलमिश्रित पेट्रोलचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले, त्यांत मिरज आणि उत्तर प्रदेशातील बरेली यांच्याबरोबर आपले मनमाड होते. तेव्हाचे इथेनॉल मळीचे होते, म्हणजे साखर काढून झाल्यावर मागे उरणाऱ्या, दाट आणि काळ्या द्रवाचे. ती खाण्याची वस्तू नव्हे, त्यामुळे अन्नाशी स्पर्धेचा मुद्दा उपस्थितच होत नव्हता. २००३ मध्ये नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रणाचा कार्यक्रम आला, पण दराच्या घासाघिशीत तो दशकभर रखडला आणि २०१३-१४ मध्येही मिश्रण दीड टक्क्याच्या आसपासच होते.

याच काळात महाराष्ट्राने वेगळ्या कारणाने धान्याच्या अल्कोहोलचा वाद अनुभवला. २००७ च्या धोरणानुसार धान्यापासून मद्यार्क बनवणाऱ्या आसवन्यांना लिटरमागे दहा रुपये अनुदान देण्याचे ठरले आणि दारूबंदीचा आग्रह धरणाऱ्या डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी त्याला कडाडून विरोध केला. तो वाद दारूचा होता. पण ज्वारी-बाजरीच्या राज्यात धान्य आसवनीकडे वळवायला सरकारने पैसे द्यावेत का, हा प्रश्न तेव्हाच नोंदला गेला होता.

खरे वळण २०१४ नंतरचे आहे. त्या वर्षी डिसेंबरमध्ये केंद्राने इथेनॉलचा दर स्वतः ठरवायला सुरुवात केली. २०१८ मध्ये साखरेचे ढीग साचले, कारखान्यांकडे एफआरपीची, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या उसाच्या किमान दराची थकबाकी वाढली, आणि त्याच वर्षीच्या जैवइंधन धोरणाने बी-हेवी मळी (जिच्यात थोडी साखर शिल्लक असते), थेट उसाचा रस आणि खराब धान्य यांना परवानगी दिली. सी-हेवी, म्हणजे काढता येईल तेवढी साखर काढून उरलेल्या मळीच्या इथेनॉलला ४३.४६ रुपये लिटर, तर थेट रसाच्या इथेनॉलला ५९.१३ रुपये असे दर ठरले. नव्या आसवन्यांच्या कर्जावर सहा टक्क्यांपर्यंत किंवा व्याजदराच्या निम्मी, यांतील जी कमी असेल ती व्याजसवलत मिळाली आणि जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. अनुदान हा शब्द यात क्वचितच दिसतो. पण ठरलेला दर, हमखास खरेदीदार आणि स्वस्त कर्ज एकत्र मोजले, तर त्याला दुसरे नाव देणे मला कठीण जाते. मुद्दा असा, की टाकाऊ वस्तूला दिलेला आधार इथे प्रथमच पिकाला मिळाला.

नंतरची गती मोठी होती. दहा टक्क्यांचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला गेला आणि वीस टक्क्यांचे उद्दिष्ट २०३० वरून २०२५-२६ वर आणले गेले. मात्र ही सगळी उभारणी ‘जास्तीच्या’ उसावर होती. साखरेपासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे किमान २८६० लिटर पाणी लागते, असे नीती आयोगाच्याच २०२१ च्या आराखड्यात म्हटले आहे. २०२३ चा पाऊस ओढ देऊन गेला, नोव्हेंबरात नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्यावरून रान उठले, आणि ७ डिसेंबरला केंद्राने उसाच्या रसाच्या इथेनॉलवर बंदी घातली. आठवडाभरात ती अंशतः सैल झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुढील हंगामासाठी उठली, तरी कर्ज काढून आसवनी उभारणाऱ्यांना हा आधार किती पावसावर अवलंबून आहे ते कळून चुकले.

मक्याचे दिवस इथून आले. त्याआधी जुलै २०२३ मध्ये अन्न महामंडळाचा तांदूळही आसवन्यांना बंद झाला होता, त्यामुळे मक्याच्या इथेनॉलला सर्वाधिक, म्हणजे ७१.८६ रुपये लिटर दर दिला गेला. एका क्विंटल मक्यातून सुमारे ३८ लिटर इथेनॉल निघते, म्हणजे जवळपास २७३० रुपयांचे. त्या वर्षी मक्याचा हमीभाव २०९० रुपये होता. जिल्ह्यातील कुक्कुटपालकांची तक्रार इथूनच सुरू होते, कारण त्यांच्या खाद्याचा मोठा भाग मका आहे आणि आसवनीसारखा ठरलेला दर त्यांच्या अंड्याला किंवा कोंबडीला कोणी देत नाही. निर्यातदार म्हणून ओळखला जाणारा भारत २०२४ मध्ये मका आयात करू लागला, तेव्हा या तक्रारीला वजन आले.

शेतकऱ्याचे गणित मात्र वेगळे राहिले. दिवाळीच्या सुमारास येवला-लासलगावच्या आवारात मक्याच्या ट्रॉल्या लागतात, व्यापारी ट्रॉलीत कोपरापर्यंत हात घालून तळाचे दाणे वर काढतो, एखादा दाताखाली फोडून पाहतो, ओलावा मोजणाऱ्या यंत्रात मूठभर टाकतो आणि चौदा टक्क्यांच्या वरच्या प्रत्येक अंशामागे भाव उतरवतो. केंद्राने बांधून दिलेला दर आसवनीच्या फाटकावर इथेनॉलला लागू होतो. ट्रॉलीतल्या मक्याचा दर मात्र लिलावातच ठरतो.