मुलाचा ताबा एकट्याकडे हवाय आणि दुसरा पालक सारखा गायब असतो? अर्ज करायच्या आधी एवढं वाचा

आमच्याकडे येणारे बरेच जण पहिल्याच भेटीत विचारतात, समोरचा महिनोन्‌महिने फिरकत नाही, फोन उचलत नाही, मग कस्टडी मलाच मिळणार ना? मिळू शकते. पण कोर्ट तिथे गैरहजर पालकाला शिक्षा द्यायला बसलेलं नसतं, ते बघतं मुलाचं भलं कशात आहे. त्यामुळे समोरच्याच्या चुकांची यादी कितीही मोठी असू दे, रोज मुलाचं कोण करतं हे कागदावर दिसलं नाही तर केस लंगडी पडते.

ताब्यात दोन गोष्टी येतात, मूल राहणार कुणाकडे आणि शाळा, ऑपरेशन, पासपोर्ट असले मोठे निर्णय घेणार कोण. खरी अडचण दुसऱ्या गोष्टीत येते, सही हवी असते आणि माणूसच सापडत नाही. म्हणून निर्णयाचा अधिकार अर्जात वेगळा आणि स्पष्ट मागा, नुसतं ताबा द्या लिहून भागत नाही.

गैरहजेरी कशामुळे हेही बघितलं जातं. जहाजावर किंवा सैन्यात नोकरी आहे, पण व्हिडिओ कॉल ठरल्या वेळी येतो, खर्च वेळेवर येतो, अशा पालकाने मुलाला टाकलंय असं कोर्ट सहजासहजी मानत नाही. भेट ठरवून न येणं, मूल आजारी असताना साधी चौकशी नाही, हे वेगळं. भेट चुकली की त्याच दिवशी तारीख, वेळ लिहून ठेवा, मेसेज डिलीट करू नका, शाळेच्या मीटिंगला कोण जातं, डॉक्टरांकडे कोण नेतं याचे कागद जपा, महिन्यांनी आठवून लिहिलेल्या वहीपेक्षा हे कितीतरी जास्त उपयोगी पडतं.

आणि कृपा करून रागाच्या भरात नंबर ब्लॉक करू नका किंवा पैसे आले नाहीत म्हणून भेट अडवू नका, बहुतेक ठिकाणी पोटगी आणि भेट हे दोन वेगळे विषय धरतात आणि मग तुम्हीच मुलाला तोडताय असं चित्र उभं राहतं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराच्या कलम ९ प्रमाणे वेगळ्या झालेल्या दोन्ही पालकांशी नियमित संबंध ठेवणं हा मुलाचा हक्क आहे, त्याने मुलाचं नुकसान होणार असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे ताबा एकट्याकडे आला तरी समोरच्याच्या भेटी बहुधा राहतातच, कधी कधी तिसऱ्या माणसाच्या देखरेखीखाली.

मुलाचं मतही वय आणि समज बघून विचारात घेतात, त्याच कराराचं कलम १२ तेच सांगतं. पण त्याला घरी पढवू नका! पढवलेलं बोलणं बऱ्याचदा कळून येतं आणि त्या ओझ्याचा त्रास मुलालाच होतो.

पत्ताच माहीत नसेल तरी अर्ज अडत नाही, मात्र शोध घेतल्याचा पुरावा लागतो, शेवटचा पत्ता, नातेवाईकांचे नंबर, जुने ईमेल सगळं आणा, त्यावरून नोटीस दुसऱ्या मार्गाने बजावायची परवानगी मागता येते. शाळेचा प्रवेश किंवा उपचार थांबला असेल तर निकालाची वाट न बघता तात्पुरता आदेश मागता येतो, हे पहिल्याच फोनवर आम्हाला सांगा. मारहाण किंवा मूल उचलून नेण्याची भीती असेल तर अपॉइंटमेंटसाठी थांबू नका, आधी पोलिसांना कळवा आणि लगेच आम्हाला फोन करा.