मानसशास्त्रीय खूनकथा

खून कोणी केला यापेक्षा खून करणाऱ्याच्या डोक्यात काय शिजत होते, याचा शोध घेणारा रहस्यकथेचा प्रकार. नेहमीच्या गुप्तहेरकथेत प्रेत सापडते, संशयित जमतात आणि शेवटच्या प्रकरणात उलगडा होतो. इथे खुनी बरेचदा पहिल्या पानापासून समोर असतो. कधी गोष्ट तोच सांगतो, आणि तो खरे बोलतोय याचा भरवसा नसतो. ग्रंथालयाच्या प्रतीत एखाद्या खट्याळ सभासदाने खुन्याच्या नावाखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवली, तर गुप्तहेरकथेची मजा गेलीच. या कथेचे त्याने फारसे बिघडत नाही.

वाचकाला यात गोडी का वाटते, याची उत्तरे जुनी आहेत. ॲरिस्टॉटलने शोकांतिकेतून भय आणि करुणेचे विरेचन, म्हणजे मनातून निचरा, होते असे म्हटले. फ्रॉइडने १९१९ च्या निबंधात ओळखीच्या, घरगुती गोष्टीतूनच उमटणाऱ्या भयाची चिकित्सा केली. खुर्चीत सुरक्षित बसून घाबरण्यातही सुख असतेच. पण खरी अस्वस्थता वेगळी आहे. पोलीस दाराशी येतात तेव्हा वाचकाच्या पोटात गोळा येतो, तो खुन्याच्या काळजीने! आपण कोणाच्या बाजूने वाचत होतो, हे तेव्हा कळते.

मराठीत बाबूराव अर्नाळकर आणि पुढे पुण्याचे सुहास शिरवळकर यांनी रहस्यकथेला मोठा वाचक मिळवून दिला. त्यांचे गाजलेले नायक मात्र गुन्हेगाराचा माग काढणारे.

पुण्यात या विषयाला एका खऱ्या घटनेची सावली आहे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात शहरात दहा खून झाले. जोशी-अभ्यंकर हत्याकांड या नावाने ते ओळखले जातात. १ डिसेंबर १९७६ ला भांडारकर रस्त्यावरच्या बंगल्यात संस्कृत व्याकरणाचे पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर यांच्यासह पाच जण मारले गेले. त्या दिवसांत अंधार पडायच्या आत रस्ते ओस पडत. पकडले गेले ते टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयातले विद्यार्थी. म्हणजे चित्रे काढणारी, चहाच्या टपरीवर रेंगाळणारी पोरे. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी झाली. त्यांतल्या मुनव्वर शहाने तुरुंगात लिहिलेले आत्मकथन पुस्तकरूपाने आले. शेवट ठाऊक असूनही वाचक असे पुस्तक उघडतो, ते ‘यांना हे करवले तरी कसे’ या प्रश्नासाठी.

या प्रकारावरचा मोठा आक्षेप इथेच लागू पडतो. लेखक खुन्याला हमखास बालपणीची जखम किंवा मनोविकार चिकटवतात. वास्तविक मनोविकार असलेली बहुसंख्य माणसे हिंसक नसतात. पुण्यातल्या त्या बहुतेक खुनांमागे तर हेतू होता घरफोडीचा: रोकड, दागिने, घड्याळे. कादंबरीकाराला एवढ्यावर भागवता येत नाही.