अंगणातला तरवड

सकाळी उन्हं वर आली की तरवडाच्या झुडपाजवळ थोडा वेळ शांत उभं राहावं. मोठा काळा भुंगा घोंगावत येतो, पिवळ्या फुलावर बसतो आणि त्याचा आवाज एकदम बदलतो. उडतानाची जाड घरघर थांबून बारीक, चढ्या पट्टीतला ‘झीं’ असा आवाज निघतो. तोही क्षणभरच. लगेच पुढचं फूल, पुन्हा तोच आवाज.

तरवडाच्या फुलात मध नसतो. द्यायला असतो तो फक्त पराग, आणि तोही बंद डबीत. जास्वंदीच्या फुलाला बोट लावलं की पराग बोटाला येतो. तरवडाचे परागकोश मात्र टोकाला बारीक भोकं असलेल्या नळ्यांसारखे असतात. भुंगा पायांनी ते कवटाळतो, पंख मिटलेलेच ठेवून उडण्याचे स्नायू सेकंदाला शेकडो वेळा थरथरवतो आणि मीठदाणीतून मीठ पडावं तसा पराग बाहेर पडतो. मराठीत आपण सरसकट भुंगा म्हणतो, पण पराग गोळा करायला येते ती मादी. मधमाश्यांना ही थरथर जमत नाही. त्या सांडलेला पराग वेचतात.

फूल हातात घेऊन पुंकेसर मोजा. दहा भरतील. वरचे तीन वांझ. उरलेल्यांत काही आखूड, तर खालचे लांब आणि वाकडे. भुंगा आखूड पुंकेसरांशी झटत असतो तेव्हा लांब पुंकेसरांचा पराग त्याच्या अंगावर उडतो, आणि पुढच्या फुलाच्या स्त्रीकेसराला लागतो तो हाच. एका पुंकेसरात भुंग्याची शिदोरी, दुसऱ्यात झाडाचं स्वतःचं काम. एकाच फुलातल्या दोन प्रकारच्या पुंकेसरांची अशी कामाची वाटणी फ्रिट्झ म्युलर या निसर्ग-अभ्यासकाने १८८३ मध्ये मांडली होती. त्याने पाहिलेली फुलं वेगळ्या कुळातली होती, पण तरवडाच्या गटातही हीच तऱ्हा दिसते.

शास्त्रीय नाव सेना ऑरिक्युलाटा, म्हणजे ‘कानवाली’. पानाच्या देठाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना गोलसर हिरवे कान असतात. पिवळ्या फुलांची भावंडं बरीच आहेत, त्यामुळे रोप आणताना आधी हे कान पाहा. आपलं माळरानाचं झाड म्हणून भलतंच रोप घरी यायचं नाही.

माणदेशात, सोलापुराकडे, मराठवाड्यात उन्हाने भाजलेल्या मुरमाड माळावर तरवड हिरवा असतो. गुरं-शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत. त्याच्या सालीत भरपूर टॅनिन असतं. टॅनिन प्रथिनांना घट्ट चिकटतं, म्हणून तोंडात तुरट लागतं, आणि त्याच गुणामुळे कच्चं कातडं न कुजता टिकाऊ चामडं बनतं. दक्षिण भारतात कातडी कमावायला तरवडाची साल पूर्वापार वापरात आहे.

आता लागवडीचं. माझं पहिलं रोप मी पाणी घालून घालून मारलं. इतर झाडांबरोबर त्यालाही ठिबकची नळी दिली, रोज थोडं थोडं पाणी. पावसाळा लागला आणि महिन्याभरात पानं पिवळी पडून गळाली. उपटून पाहिलं तर मुळं काळी, मऊ झालेली. तहानेला न डगमगणारं झाड पाण्याने का मरावं? कारण मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवेऐवजी पाणी भरलं की ऑक्सिजन मुळांपर्यंत पोहोचायला फार वेळ लागतो. पाण्यातून तो हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट हळू पसरतो. गुदमरलेल्या मुळाला मग बुरशी गाठते.

रोजच्या थोड्या पाण्याचा दुसरा तोटाही मोठा आहे. ओल वरच्या चार बोटांतच राहते आणि मुळंही तिथेच रेंगाळतात. उन्हाळ्यात सगळ्यात आधी सुकतो तो हाच थर. दहा-पंधरा दिवसांनी एकदा, पण भरपूर पाणी दिलं तर ओल खाली उतरते आणि सोटमूळ तिच्यामागे जातं. म्हणून पहिल्या वर्षी रोप वाढत नाही असं वाटलं तरी घाबरू नका, त्याची वाढ जमिनीखाली चाललेली असते. दुसऱ्या पावसाळ्यानंतर माझ्या झुडपाला मी पाणी दिलेलं नाही.

बी टणक असतं, नुसतं पेरलं तर महिनोन् महिने तसंच पडून राहतं. पॉलिश पेपरवर एका बाजूने हलकं घासावं, किंवा गरम पाण्यात टाकून रात्रभर तसंच ठेवावं. फुगलेलं बी उंच पिशवीत लावावं. पिशवी बुटकी असेल तर सोटमूळ तळाशी वेटोळं घालतं आणि पुढे सरळ खाली जात नाही. पहिला चांगला पाऊस झाला की दिवसभर ऊन लागेल अशा जागी रोप हलवा. काळ्या जमिनीत पाणी साचत असेल तर वरंबा करून त्यावर लावा. खताची गरज पडत नाही.

पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर औषध मारू नका. त्या बहुधा फिकट पांढऱ्या किंवा पिवळ्या फुलपाखरांच्या असतात, आणि खाल्लेली पानं झुडूप भरून काढतं. नवरात्रात आमच्याकडे घटाला तरवडाच्या फुलांची माळ चढते. त्याच दिवसांत तेलंगणात बतुकम्मा या सणाला रचतात त्या फुलांच्या उतरंडीत हेच फूल मानाचं असतं, आणि ते त्या राज्याचं राज्यफूलही आहे.

बहर सरला की फांद्या निम्म्याने छाटा, नवे फुटवे जोमाने येतात. दोन-चार फांद्या तेवढ्या शेंगांसाठी ठेवा. चपट्या, कागदासारख्या शेंगा वाळून तपकिरी झाल्या की हलवून पाहायच्या. आत बिया वाजल्या की तोडायच्या.