ग्रॅव्हल सायकलिंग : कोकणातील नदीखोऱ्यांचे मार्ग

ग्रॅव्हल सायकलिंग हा डांबरी सडकेऐवजी खडीचे, मुरमाचे आणि मातीचे रस्ते धरून लांब अंतर कापण्याचा सायकलिंगचा प्रकार आहे. त्यासाठी वापरली जाणारी सायकल दिसायला शर्यतीच्या सायकलीसारखी, खाली वळलेल्या हँडलची असते. मात्र तिचे टायर साधारण ३५ ते ५० मिमी रुंद, ब्रेक डिस्कचे आणि गिअर चढासाठी बरेच हलके असतात. कच्च्या रस्त्यांवरून सायकलने हिंडण्याची हौस जुनीच आहे. ब्रिटनमध्ये १९५५ साली रफ-स्टफ फेलोशिप ही संघटना स्थापन झाली आणि इटलीतील टस्कनीच्या पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवर १९९७ पासून लेरोइका हा सायकलसोहळा भरू लागला. आजचे रूप मात्र अमेरिकेत घडले. कॅन्सस राज्यातील एम्पोरिया येथे २००६ साली सुरू झालेली, आता अनबाउंड ग्रॅव्हल या नावाने ओळखली जाणारी शर्यत त्यात महत्त्वाची ठरली. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने २०२२ मध्ये इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा घेतली. कोकणात हा प्रकार शर्यतीपेक्षा भटकंतीचाच आहे.

कोकणातील मार्ग समजून घ्यायचे तर भूमीचे दोन थर ध्यानात घ्यावे लागतात. खालचा थर नदीकाठचा : भातखाचरे, नारळी-पोफळीच्या बागा, खाजणे (भरतीचे पाणी शिरणाऱ्या खाऱ्या जमिनी) आणि खाऱ्या पाण्याला अडवणारे बांध. वरचा थर सड्याचा, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट, उघड्या माळाचा. सडा नदीपातळीहून साधारण ५० ते २०० मीटर उंच असतो आणि त्याच्या कडा अंगावर येण्याइतक्या तीव्र उतरतात. काठ आणि सडा हे दोन्ही थर सायकलीला सोपे जातात. दमछाक होते ती त्यांना जोडणाऱ्या घाटीत, जी बहुधा लांबीला एक-दोन किलोमीटरच असते, पण तेवढ्यात सगळा चढ उरकून घेते.

येथील नद्या सह्याद्रीत उगम पावून पश्चिमेला, म्हणजे किनाऱ्याशी काटकोनात, वाहतात. मुंबई-गोवा महामार्ग आणि रेवस-रेडी सागरी मार्ग मात्र उत्तर-दक्षिण जातात. म्हणूनच या मोठ्या रस्त्यांनी जाणाऱ्या सायकलस्वाराला दर खोऱ्यात उतरावे आणि पुन्हा चढावे लागते, तर नदीच्या दिशेने जाणाऱ्याला बराच वेळ सपाटी लाभते. जुनी वाहतूक याच आडव्या दिशेची होती. महाड, गोवळकोट, संगमेश्वर, राजापूर ही बंदरे समुद्रावर नसून, भरतीचे पाणी आत जिथवर पोहोचते त्या टोकाजवळ वसली. तेथे गलबतांतून उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून घाटावर जाई. ग्रॅव्हल सायकलिंगला आज उपयोगी पडणाऱ्या वाटांपैकी पुष्कळ या जुन्या दळणवळणाच्या कडेकडेने जातात.

सावित्रीच्या खोऱ्यात महाड, दासगाव आणि आंबेत हा उत्तरेकडील, तर म्हाप्रळ ते बाणकोट हा मंडणगड तालुक्यातील दक्षिणेकडील पट्टा आहे. मुखाजवळ वेसवी-बागमांडला फेरीबोट दोन्ही तीर जोडते. चिपळूणच्या वाशिष्ठी नदीत कोयना जलविद्युत प्रकल्पाचे अवजल (वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणी) येत असल्याने इतर नद्या आटल्या तरी तिला ऐन उन्हाळ्यातही पाणी असते. तिच्या खाडीत मगरी आहेत, त्यामुळे धूळ धुण्यासाठी काठावर उतरण्याची सवय येथे सोडलेली बरी. दाभोळ आणि धोपावे यांमधील फेरीबोट सायकलही घेते.

एकच खोरे निवडायचे असेल, तर ते शास्त्री नदीचे निवडावे. शास्त्री व सोनवी यांच्या संगमाजवळचे संगमेश्वर, कर्णेश्वराचे प्राचीन मंदिर असलेले कसबा (येथेच १६८९ मध्ये संभाजी महाराज मोगलांच्या हाती लागले), पुढे डिंगणी, फुणगूस, करजुवे ही खाडीकाठची गावे आणि अखेरीस जयगडचा किल्ला, असा हा मार्ग गोड्या पाण्याकडून खाऱ्या पाण्याकडे नेतो. त्यात काठ सलग मिळत नाही. कोठे कांदळवन आडवे येते, कोठे सड्याची सोंड थेट पाण्यात उतरते आणि वाट मुकाट्याने वर चढते. हा दोष वाटू शकतो, पण खाली बांधावरून तासभर सावलीत गेल्यावर एकाएकी उघड्या कातळावर येणे आणि तेथून दोन्ही बाजूंची खोरी दिसणे, यासाठीच हा मार्ग करावा. परतीसाठी राई-भातगाव पूल किंवा जयगड-तवसाळ फेरीबोट घेऊन गुहागर तालुक्यात जाता येते.

रत्नागिरीजवळ काजळी नदीचे साखरपा, हरचिरी, चांदेराई, सोमेश्वर ते भाट्ये असे खोरे आहे. त्याच्या दक्षिणेला माचाळच्या डोंगरात उगम पावणारी मुचकुंदी साटवलीवरून पूर्णगडला मिळते. सिंधुदुर्गात डोंगर मागे सरतात आणि चढ सौम्य होतात. कुडाळहून नेरूर-वालावलच्या बाजूने कर्ली नदी धरून, नेरूरपारच्या पुलावरून पलीकडे काळसे व धामापूरच्या तलावाकडे जाणारा फेरा नवशिक्यालाही झेपतो. गड नदीकाठी मसुऱ्याचा भरतगड आणि कालावलची खाडी आहे.

रस्त्याचा पृष्ठभाग हा येथील खरा विषय आहे. सड्यावरच्या वाटेवर जांभा झिजून वाटाण्याएवढे गोल, कडक दाणे सुटतात. ते उतारावरील वळणात चाकाखाली गोळ्यांसारखे फिरतात आणि पुढचे चाक बाहेर सरकते. ब्रेक वळणाआधीच लावून सोडणे आणि सायकल सरळ ठेवणे हाच त्यावर उपाय. उघडा कातळ उलट पकड चांगली देतो, पण खड्डे-खळग्यांनी हाडे खिळखिळी करतो. रस्ताकामासाठी पसरलेली काळ्या दगडाची खडी टोकदार असते आणि टायरची बाजू कापते, तर चिऱ्याच्या, म्हणजे बांधकामाच्या जांभ्या दगडाच्या, खाणींकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रकांनी दळलेली तांबडी धूळ चेनमध्ये जाऊन बसते. सुमारे ४० मिमीच्या ट्यूबलेस टायरमध्ये ३० ते ४० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा बहुतेकांना पुरते. करवंदीच्या काट्यांमुळे टायरमध्ये सीलंट (छिद्र आतून बुजवणारा द्रव) असणे आवश्यक ठरते, आणि खारी हवा व खाडीचे पाणी लागत असल्याने सायकल रोज गोड्या पाण्याने धुऊन चेनला तेल द्यावे लागते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा योग्य काळ होय. जून ते सप्टेंबर या काळात कातळावर शेवाळ धरते, वहाळ फुगतात, फरशीवरून (ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून) पाणी जाते आणि सखल गावांना पुराचा धोका असतो; चिपळूणचा जुलै २०२१ मधील महापूर सर्वांना आठवत असेलच. ऑक्टोबरमध्ये सडे अजून हिरवे असतात आणि मातीही दबलेली असते, मात्र ऊन भाजून काढते. उधाणाच्या भरतीला खारबांधांवरील वाटा तपासूनच जावे.

नकाशावर दिसणारी प्रत्येक रेघ सार्वजनिक वाट असेलच असे नाही. सड्यावर आंबा-काजूच्या बागा वाढल्यापासून कित्येक जुन्या गाडीवाटा गडग्यांच्या (दगडी कुंपणांच्या) आत गेल्या आहेत. गडग्याला बेडे (आडव्या काठ्यांचे फाटक) असेल, तर आत वाडी आहे का याची आधी विचारपूस करावी आणि परवानगी मिळाली तर गेल्यावर आडव्या काठ्या पुन्हा खोबणीत सरकवाव्यात, नाहीतर गुरे बागेत शिरतात. पाखाडी, म्हणजे वाड्यांना जोडणारी दगडी पायऱ्यांची वाट, ही पायी चालणाऱ्यांची आहे. तेथे सायकल खांद्यावर घ्यावी. त्याहून जास्त काळजी कातळशिल्पांबाबत हवी. बारसू, देवीहसोळ, उक्षी, कशेळी अशा ठिकाणची ही शिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. ती मोकळ्या सड्यावर जमिनीतच कोरलेली असून, तिरप्या उन्हाखेरीज चटकन दिसत नाहीत. म्हणून अशा सड्यांवर रुळलेली वाट सोडून कातळावर सायकल घालू नये.

या खोऱ्यांपर्यंत पोहोचण्यास कोकण रेल्वे सोयीची आहे. वीर, खेड, चिपळूण, संगमेश्वर रोड, राजापूर रोड, कणकवली व कुडाळ ही स्थानके एकेका खोऱ्याच्या आसपास असून, सायकल सामान म्हणून नोंदवून ब्रेकव्हॅनमधून नेता येते. त्यामुळे एका खोऱ्यातून समुद्रापर्यंत उतरून, फेरीबोटीने खाडी ओलांडून, दुसऱ्या खोऱ्यातून रेल्वे स्थानकापर्यंत वर येणे, अशी आखणी करता येते. ग्रामसडक योजनांमुळे वाड्यांपर्यंतचे कच्चे रस्ते झपाट्याने डांबरी होत आहेत. ग्रामस्थांची ती रास्त निकड असल्याने, सायकलस्वारांच्या कच्च्या वाटा यापुढे प्रामुख्याने खारबांधांवर आणि सड्यांवरच शोधाव्या लागतील.