गोंगाटातली कारागिरी

टेक्निकल डेथ मेटलचा, म्हणजे अतिवेगवान, गुंतागुंतीच्या वादनाच्या आणि गुरगुरत्या गायकीच्या हेवी मेटल प्रकाराचा, अल्बम पहिल्यांदाच ऐकणारा माणूस बहुधा दोन मिनिटांत तो बंद करतो. त्यात त्याचा दोष नाही. कानावर एकदम इतकं काही येऊन आदळतं, की मेंदू सगळ्याची एकच मोट बांधून मोकळा होतो: गोंगाट!

आधी वेग बघू. मिनिटाला २४० ठोक्यांची लय धरली आणि प्रत्येक ठोक्याचे चार भाग केले, तर सेकंदाला १६ आघात होतात. दोन आघातांमध्ये जेमतेम ६२ मिलिसेकंद. ड्रमर हे दोन्ही पायांनी, दोन पेडलांवर आळीपाळीनं वाजवतो. सेकंदाला साधारण वीसच्या पुढे गेलं की सुटे ठोके एकमेकांत मिसळून खालच्या पट्टीतला सलग स्वर भासू लागतो. हे संगीत त्या उंबरठ्याच्या जरा अलीकडे चालतं. ठोके वेगळे आहेत हे जाणवतं, पण मोजायला जावं तर हाती लागत नाहीत.

खरी गंमत पुढे आहे. कानाच्या पडद्यावर सगळ्या वाद्यांची मिळून एकच लहर येते. त्यातून गिटार कुठली, ड्रम कुठला, हे मेंदूला सोडवावं लागतं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट ब्रेगमन यांनी या प्रक्रियेचा सखोल अभ्यास केला. मेंदूची एक ठोकळ युक्ती अशी, की जे आवाज एकाच क्षणी सुरू होतात ते एकाच उगमाचे मानायचे. आता इथे गिटार, बेस (खालच्या पट्टीतली गिटार) आणि ड्रम काही मिलिसेकंदांच्या फरकानं एकत्र आदळतात. म्हणजे वादन जितकं काटेकोर, तितकी नवख्याला ती अभेद्य भिंत वाटणार! ढिसाळ बँड उलट सहज उलगडतो.

त्यात भर डिस्टॉर्शनची. अॅम्प्लिफायर कुवतीबाहेर ताणला की तरंगाची टोकं छाटली जातात आणि मूळ कंप्रतेच्या पटीतले नवे स्वर निर्माण होतात. गिटारचा आवाज असा पसरला की बेस त्याखाली झाकला जातो. ‘डेथ’ या अमेरिकन बँडचा १९९१ चा ‘ह्युमन’ हा अल्बम याचं उत्तम उदाहरण. स्टीव्ह डिजॉर्जिओचा बेस मूळ मिश्रणात, म्हणजे वाद्यांचे आवाज एकत्र जुळवताना, जवळपास बुडालेला आहे. २०११ च्या आवृत्तीत नव्यानं मिश्रण केल्यावर तो वर आला. वाजवलेलं तेच, पण अल्बम वेगळाच भासतो. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐकाव्यात.

मग ऐकायचं कसं? हेडफोन लावा आणि एका फेरीत एकाच वाद्याचा पिच्छा पुरवा. मी सुरुवात ड्रमसेटमधल्या झांजेपासून करायला सांगेन. गिटार पाच-सात मात्रांच्या आडवळणांनी जात असताना मूळ लय पुष्कळदा झांजेनंच धरून ठेवलेली असते. ती एकदा सापडली की बाकीची वाद्यं आपापल्या जागी बसायला लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या ऐकण्यात पुढचं वळण आधीच कळू लागतं, आणि मजा तिथून सुरू होते.

राहिला तो गायकाचा गुरगुराट. त्यात स्वरतंतूंच्या वर असलेल्या घड्या, म्हणजेच आभासी स्वरतंतूही कंप पावतात. कंपनं अनियमित असल्यानं नेमका स्वर पकडता येत नाही. आवाज तालवाद्यासारखा काम करतो. शब्द कळले नाहीत म्हणून हिरमुसू नका. काही गाण्यांचे तर न कळलेलेच बरे.