दरडोई उत्पन्न आणि माणसाची कमाई

सरकारी आकडेवारीत चंद्रपूर जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न वाशीम, गडचिरोलीपेक्षा वरचं दिसतं. ते ऐकून आमच्या राजुरा-कोरपना भागातला शेतमजूर विचारतो, ‘मग माझ्या हाती का नाही येत?’ त्याचं विचारणं रास्त आहे. त्याच्या हातातला पैसा आणि तो आकडा, ही मापंच वेगळी आहेत.

दरडोई उत्पन्नासाठी जिल्ह्यात वर्षभरात किती मूल्य तयार झालं ते आधी मोजतात. त्यात खाणींतला कोळसा, गडचांदूरकडचं सिमेंट, 2920 मेगावॉटच्या महाऔष्णिक केंद्राची वीज, कापूस, सोयाबीन, दुकानदारी, पगार, सगळं आलं. मग लोकसंख्येने भागतात. पाळण्यातलं लेकरूही त्यात धरलेलं असतं. कोळसा इथला म्हणून हिशेब इथला. त्याचा नफा पुढे कुठल्या शहरात गेला, ते या आकड्यात दिसत नाही.

शिवाय सरासरी. चार घरं धरा. एकात वर्षाला 12 लाख येतात, बाकी तिघांत 80-80 हजार. सरासरी निघते घरटी 3 लाख 60 हजार, आणि तिघांकडे त्याच्या पाव हिश्श्याइतकेही नाहीत.

कमाई ठरते ती वेगळ्याच गोष्टींवर. वावर स्वतःचं की दुसऱ्याचं, कोरडवाहू की ओलिताचं, शिक्षण कुठवर झालं, कारखान्यात कायम की ठेकेदाराकडे. आणि बाई की पुरुष, हे तर फार मोठं. निंदणाला बाईची रोजी पुरुषाच्या रोजीपेक्षा कमी, हे आमच्याकडे अजून कुणाला खटकतही नाही. मला खटकतं.

कापूस वेचणी बघा. 2024-25 ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7521 रुपये होता. तो वावराच्या मालकाचा. वेचणाऱ्या बाईला मजुरी किलोमागे. कमरेला ओटी बांधून ती दिवसभर वाकते, संध्याकाळी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वजनकाटा लागतो आणि जेवढं वजन, तेवढेच पैसे. पहिल्या वेच्याला झाड भरलेलं असतं, हात भराभर चालतो. उलंगवाडीला, म्हणजे हंगाम संपताना, तेवढ्याच वेळात निम्मंही भरत नाही. शाळा सोडून सोबत आलेली पोरगीही वेचते, तेव्हा कुठे त्या दिवसाचा किराणा निघतो.